प्लिकर्स : एका फोनवर अख्ख्या वर्गाची उत्तरे

ज्या शाळेत मुलांच्या हातात देण्यासाठी एकही टॅब नाही, प्रोजेक्टर आहे पण विजेचा भरवसा नाही, आणि खात्रीचे असे एकच उपकरण म्हणजे शिक्षकाच्या खिशातला स्वतःचा मोबाइल, त्या शाळेसाठी शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या बाजारात फारसे काही नसते. बहुतेक उत्पादने प्रत्येक मुलासमोर एक पडदा असेल असे गृहीत धरूनच बनवलेली असतात. प्लिकर्स हे अख्ख्या वर्गाची उत्तरे एकदम टिपणारे अ‍ॅप त्याला अपवाद आहे. मुलांच्या हातात छापील कागद आणि शिक्षकाच्या हातात फोन, एवढ्यावर ते चालते. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग सांभाळताना मी ते नियमित वापरते आणि म्हणूनच त्याचे गुण, त्याच्या मर्यादा आणि विशेषतः ते कशासाठी वापरू नये, याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

नोलन एमी या अमेरिकी शिक्षकाने ही कल्पना स्वतःच्या वर्गाच्या गरजेतून काढली. आपल्याकडे जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला, त्यानंतरच्या काही वर्षांत ‘तंत्रस्नेही शिक्षक’ ही बिरुदावली सर्वत्र ऐकू येऊ लागली, आणि त्याच लाटेत प्लिकर्सही मराठी शाळांपर्यंत पोचले. शिक्षण परिषदेत त्याचे प्रात्यक्षिक हमखास रंगत असे, कारण कागद हलवले की फोनवर उत्तरे उमटतात हे पाहणाऱ्याला जादूसारखे वाटते. पण बऱ्याच ठिकाणी ती कार्डे प्रात्यक्षिकापुरतीच बाहेर आली आणि पुन्हा कपाटात गेली. साधन दाखवून झाले, पण त्यावर कोणता प्रश्न विचारायचा याची चर्चा झाली नाही, हे त्यामागचे मुख्य कारण असावे.

त्याची रचना सोपी आहे. संकेतस्थळावर खाते उघडायचे, वर्गाची यादी भरायची आणि कार्डांची पीडीएफ उतरवून छापून घ्यायची. नेहमीच्या संचात ४० कार्डे असतात आणि मोठ्या संचात ६३, त्यामुळे गर्दीच्या वर्गालाही ती पुरतात. प्रत्येक कार्डावर काळ्या चौकटींची एक वेगळी आकृती असते, तिचा क्रमांक असतो आणि चारही कडांना अगदी बारीक ठशात ए, बी, सी, डी ही अक्षरे असतात. मुलाला जो पर्याय बरोबर वाटतो त्या अक्षराची कड वर येईल असे कार्ड फिरवून छातीसमोर धरायचे. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवला की एकाच वेळी अनेक कार्डे वाचली जातात, आणि कोणी काय उत्तर दिले, ते बरोबर की चूक, हे हिरव्या-तांबड्या रंगात फोनवर दिसत जाते. फोटो काढावा लागत नाही. लॅपटॉप किंवा प्रोजेक्टर असेल तर प्रश्न पडद्यावर दाखवता येतो, तिथे कोणाकोणाचे उत्तर नोंदले गेले एवढे मुलांना दिसते आणि बरोबर पर्याय कधी उघड करायचा हे शिक्षक ठरवतो. तेही नसेल तर प्रश्न फळ्यावर लिहिला तरी काही अडत नाही. आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी असल्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलांना ही चार अक्षरे परकी वाटत नाहीत.

प्रत्येक मुलाचे कार्ड वेगळे असणे ही या साधनातली सर्वांत हुशारीची गोष्ट आहे. हात वर करायला सांगितले किंवा बोटांनी पर्याय दाखवायला सांगितला की वर्गातल्या दोन-तीन हुशार मुलांकडे पाहून बाकीचे आपले बोट ठरवतात, हे कोणत्याही शिक्षकाला सांगावे लागत नाही. इथे दोन मुलांनी एकच पर्याय निवडला तरी त्यांच्या कार्डांवरच्या आकृत्या सारख्या दिसत नाहीत, त्यामुळे नजर टाकून उत्तर उचलणे पुष्कळच अवघड होते. शिवाय आपले उत्तर चुकले हे शिक्षकाखेरीज कोणाला कळत नाही. ‘समजले का?’ या प्रश्नाला ‘हो बाई’ असा एकसुरी जयघोष करणाऱ्या वर्गात प्रत्यक्षात किती जणांना समजले आहे, हे तास संपण्याआधी कळणे हीच या साधनाची खरी किंमत आहे.

मात्र ती किंमत वसूल होणे सर्वस्वी प्रश्नावर अवलंबून असते, आणि प्रश्न हे प्लिकर्स देत नाही. ते शिक्षकालाच तयार करावे लागतात. हातच्याची वजाबाकी शिकवून झाल्यावर मी मुलांना ४०३ उणे १५८ हे उदाहरण देते आणि पर्याय म्हणून २४५, ३५५, २५५ आणि २०५ या संख्या ठेवते. बरोबर उत्तर २४५ आहे. ३५५ निवडणारे मूल प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते आहे, म्हणजे तीनातून आठ जात नाहीत म्हणून सरळ आठातून तीन वजा करते. त्याला हातचा ही कल्पनाच पोचलेली नाही. २५५ निवडणाऱ्याला हातचा येतो, शतक सुटे करून दहा दशक मिळवायचे हेही त्याला कळते, पण त्या दहातला एक दशक एककाला दिल्यावर तिथे नऊच उरतात हे तो विसरतो. २०५ लिहिणारा एककासाठीचा हातचा थेट शतकातून घेतो आणि दशकस्थानी शून्यातून पाच जात नाहीत म्हणून तिथे शून्यच ठेवून पुढे जातो. ही तीन मुले तीन वेगळ्या ठिकाणी अडलेली आहेत. वहीत तिघांच्याही उत्तरावर एकसारखीच फुली पडली असती आणि तिघांनाही तेच उदाहरण पुन्हा सोडवायला मिळाले असते. पर्याय असे विचारपूर्वक ठेवले तर फोनवरची यादी पाहून पहिल्या मुलाला दशकाच्या जुड्या आणि सुट्या काड्या घेऊन बसवायचे, दुसऱ्याला केवळ शतक मोडण्याची पायरी दाखवायची, असा निर्णय तिथल्या तिथे घेता येतो.

याउलट पर्याय २४५, २४६, ९०० आणि १२ असे ठेवले तर तेच साधन, तीच कार्डे आणि तोच फोन यांतून शिक्षकाला काहीही कळत नाही. इंटरनेटवर आणि शिक्षकांच्या मोबाइल गटांमध्ये फिरणारे तयार प्रश्नसंच बहुतांशी या दुसऱ्या जातीचे असतात. ते वापरण्यापेक्षा एकच प्रश्न स्वतः बसून तयार करावा असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्नानंतर काय करायचे याची एक चांगली रीत उच्च शिक्षणातून आलेली आहे. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ च्या सुमारास आपल्या व्याख्यानांत अशी पद्धत रूढ केली की प्रश्न विचारायचा, सर्वांची उत्तरे घ्यायची आणि बरोबर उत्तर न सांगता विद्यार्थ्यांना शेजाऱ्याशी चर्चा करायला लावायची. मग तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. वर्ग साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान बरोबर असेल तेव्हा ही चर्चा सर्वाधिक उपयोगी ठरते, कारण त्याहून कमी असेल तर समजावून सांगणारे पुरेसे नसतात आणि त्याहून जास्त असेल तर चर्चेची गरज उरत नाही. ही रीत नऊ-दहा वर्षांच्या मुलांसाठी जशीच्या तशी चालते. पहिल्या फेरीत उत्तर उघड न करता ‘शेजाऱ्याला पटवून द्या’ एवढेच सांगितले की वर्गात जो गलका होतो तो गणिताचा असतो. ‘अगं, शून्यातून कसा देशील?’ असे एक मूल दुसऱ्याला विचारते तेव्हा शिक्षकाने मध्ये पडू नये. दुसऱ्या फेरीत तांबडे कमी झाले तर पुढे जावे, नाही झाले तर आपणच वेगळ्या तऱ्हेने शिकवावे. पहिल्या फेरीतच उत्तर दाखवण्याचा मोह आवरणे हे शिक्षकाच्या दृष्टीने सर्वांत कठीण काम आहे, कारण मुले ‘बाई, बरोबर काय?’ म्हणून जीव खातात.

फोनवरचे आकडे वाचताना एक सावधगिरी बाळगावी लागते. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला तरी चारांत एक वेळा तो बरोबर येतो. ३२ मुलांच्या वर्गात कोणालाच काही येत नसले तरी आठ-एक हिरवे ठिपके दिसणारच. म्हणून आठ मुलांना आले असे समजून त्यांना पुढे ढकलणे ही शुद्ध फसगत आहे. हाच मुद्दा दुसऱ्या दिवशी वेगळ्या आकड्यांनी विचारावा आणि दोन्ही वेळा बरोबर आलेल्यांनाच आले असे धरावे. ‘मला माहीत नाही’ असा चौथा पर्याय ठेवण्याचीही सोय आहे. मुलांना तो निर्धास्तपणे निवडता येईल असे वातावरण वर्गात असेल तर तो अत्यंत बोलका ठरतो.

आता पाटीविषयी, कारण या साधनाचा खरा प्रतिस्पर्धी दुसरे कोणते अ‍ॅप नसून पाटी आहे. उदाहरण सोडवून सर्वांनी एकदम पाटी वर धरायची, ही आपल्या शाळांतली जुनी आणि उत्तम पद्धत आहे. पाटीवर मूल स्वतःचे उत्तर लिहिते, त्याला चार पर्यायांची चौकट नसते, अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता जवळपास नसते आणि मांडणीही दिसते. शुद्धलेखन, अक्षरओळख, आकृती, पाढे आणि कोणतेही सरळ गणित यांसाठी पाटीच सरस आहे, आणि तिथे प्लिकर्स वापरणे म्हणजे हौस आहे. परंतु पाट्या खाली गेल्या की कोणाचे उत्तर काय होते हे शिक्षकाच्या स्मरणावर राहते, आणि तीसेक पाट्यांवरचे लेखन काही क्षणांत वाचून लक्षात ठेवणे कोणालाच जमत नाही. प्लिकर्समध्ये प्रत्येक मुलाच्या प्रत्येक उत्तराची नोंद राहते. आपल्याकडे २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू आहे आणि आकारिक, म्हणजे शिकणे चालू असतानाच करायच्या मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी दर सत्रात लिहाव्या लागतात. त्या नोंदी ‘प्रगती समाधानकारक’ अशा ठरीव वाक्यांऐवजी ‘शून्य असलेल्या संख्येतून हातच्याची वजाबाकी करताना दशकस्थानी चुकतो’ अशा लिहिता येतात, हा फायदा मला फार मोठा वाटतो. सारांशाने सांगायचे तर कौशल्यासाठी पाटी आणि गैरसमज शोधण्यासाठी प्लिकर्स, अशी वाटणी माझ्या वर्गात झालेली आहे.

कार्डांच्या बाबतीत काही व्यवहारी गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. नेहमीच्या संचात एका पानावर दोन कार्डे येतात, म्हणजे ४० कार्डांना २० पाने लागतात आणि झेरॉक्सच्या दुकानात तो खर्च किरकोळ असतो. साधा कागद मात्र वाकतो आणि वाकलेले कार्ड कॅमेरा वाचत नाही. जाड कार्डशीटवर छापावे किंवा जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यावर चिकटवावे. टिकावे म्हणून चकचकीत लॅमिनेशन करण्याचा मोह सर्वांनाच होतो, पण खिडकीतल्या उजेडाची तिरीप त्यावर पडली की काळी आकृती पांढरी दिसते आणि नेमक्या खिडकीजवळच्या रांगेतली उत्तरे नोंदली जात नाहीत. लॅमिनेशन करायचेच असेल तर चमक नसलेले करावे. मुले कार्ड धरतात तेव्हा अंगठा आकृतीवर येतो, हे आणखी एक नेहमीचे विघ्न. ‘कडेला, दोन बोटांत’ हे सुरुवातीला पुनःपुन्हा सांगावे लागते. आणि पहिल्या दिवशी फोन समोर आला की अर्धा वर्ग फोटो काढणार म्हणून केस सारखे करून हसत उभा राहतो, त्याला इलाज नाही.

अक्षराची कड वर धरणे लहान मुलांना अवघड जाते, कारण कार्डाचे तोंड शिक्षकाकडे असते आणि मुलाला त्याची कोरी पाठ दिसत असते. कार्डाच्या पाठीवर त्याच कडांना पेन्सिलीने अक्षरे लिहून दिली की गोंधळ थांबतो. मात्र मग मागच्या बाकावरच्या मुलाला पुढच्याचे उत्तर वाचता येते. मी चौथीत पाठ कोरीच ठेवते. पहिली-दुसरीला शिकवणाऱ्यांनी गुप्ततेपेक्षा सोय पाहावी. त्या वर्गांसाठी प्रश्न मोठ्याने वाचून दाखवणे आणि पर्यायांना चित्रे वापरणे हेही अनिवार्य समजावे, नाहीतर परिसर अभ्यासाचा प्रश्न विचारून आपण प्रत्यक्षात मुलाच्या वाचनाची परीक्षा घेतलेली असते.

उणिवा आहेत. उत्तर चार पर्यायांच्या आतच द्यावे लागते, त्यामुळे भाषा विषयात त्याचा उपयोग तोकडा पडतो. कवितेविषयी मुलाला काय वाटले हे कार्डावर मावत नाही आणि मावावे असा आग्रहही धरू नये. विनामूल्य खात्यात एका प्रश्नसंचात पाचच प्रश्न ठेवता येतात आणि अधिकसाठी सशुल्क आवृत्ती घ्यावी लागते. फोन आणि संगणक एकाच वायफायवर असण्याची गरज नसली तरी दोन्हींना इंटरनेट लागते, म्हणजे डोंगराआडच्या शाळेत हे साधन रेंजच्या मर्जीवर चालणार. दोन इयत्ता एकाच खोलीत बसतात अशा द्विशिक्षकी शाळेत एका वेळी एकाच इयत्तेचा प्रश्न घेता येतो. दुसऱ्या इयत्तेला तेवढा वेळ स्वाध्याय द्यावा लागतो. तीच कार्डे मात्र दोन्ही इयत्तांना चालतात, कारण क्रमांक आणि मुलाची जोडी प्रत्येक वर्गासाठी स्वतंत्र नोंदवता येते.

मुलांची पूर्ण नावे त्या यादीत भरू नयेत. कार्डाचा क्रमांक आणि हजेरीपटावरचा क्रमांक एकच ठेवला की नावाच्या जागी नुसता क्रमांक किंवा टोपणनाव लिहून भागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानून त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची ठरवली आहे, आणि ज्या माहितीची आपल्याला गरजच नाही ती परदेशी सेवेकडे देण्यात काही शहाणपण नाही.

किमतीचा विचार करताना एक तुलना करावीशी वाटते. एका विक्रेत्याने आमच्याकडे लोकवर्गणीतून बटणे असलेल्या उत्तर-यंत्रांचा संच घेण्याचा आग्रह धरला होता. प्रत्येक मुलाला एक यंत्र, त्यात बॅटरी, लॅपटॉपला जोडायचा एक रिसीव्हर आणि दरवर्षी नूतनीकरण करायचे सॉफ्टवेअर, असा तो सारा सरंजाम होता. प्रात्यक्षिकातच दोन यंत्रांच्या बॅटऱ्या उतरलेल्या निघाल्या आणि नूतनीकरण न केल्यास जुन्या नोंदींचे काय, यावर त्यांच्याकडे धड उत्तर नव्हते. कार्ड फाटले तर तोच क्रमांक पुन्हा छापून घेता येतो. गावाने गोळा केलेल्या पैशांतून काय घ्यावे असे कोणी विचारले तर मी वर्गासाठी पुस्तके सुचवीन, कारण हे काम जवळपास फुकटात होते.

सर्वांत मोठा धोका साधनात नसून ते गुणांसाठी वापरण्यात आहे. फोनवर प्रत्येक मुलापुढे टक्केवारी तयार होते, आणि तयार झालेली टक्केवारी कोणीतरी मागतेच. ती तक्त्यावर लावली, पालकसभेत वाचून दाखवली किंवा केंद्रप्रमुखांना पाठवायच्या अहवालात घातली, की मुलांना उत्तर चुकण्याची भीती वाटू लागते आणि मग ती शेजाऱ्याच्या कार्डावरची बारीक अक्षरे वाचायला शिकतात. माझ्या वर्गात या नोंदींना गुण नाहीत आणि नावांसह निकाल पडद्यावर कधीच येत नाही. येतो तो फक्त कोणत्या पर्यायाला किती, हा आलेख. शिष्यवृत्ती आणि नवोदय प्रवेशाच्या परीक्षा बहुपर्यायी असल्यामुळे सरावासाठी हे साधन राबवण्याकडेही कल असतो. अधूनमधून तसे करायला हरकत नाही, पण रोज विसावीस प्रश्नांचा मारा सुरू झाला की कार्डे मुलांना नकोशी होतात.

तिसरी ते सातवीच्या गणित, विज्ञान आणि परिसर अभ्यासासाठी मी हे साधन निःसंकोचपणे सुचवते. तासाच्या मध्यावर एक प्रश्न आणि गरज पडल्यास शेवटी दुसरा, इतकाच त्याचा वापर असावा. त्या मापाने चालणाऱ्या शिक्षकाला पाच प्रश्नांची मर्यादा कधी जाणवणारही नाही, त्यामुळे सशुल्क आवृत्तीवर पैसे घालण्याचे कारण मला दिसत नाही.